जिमवाल्या मित्रास योगवर्गाबद्दल

दर्यापूर,
१० मार्च

प्रिय गजू,

पत्र पोचलं. "हातपाय ताणायचे अन् डोळे मिटून पडायचं, याले व्यायाम काऊन म्हणायचं बे?" हा तुझा सवाल. वहिनींनी समाजमंदिरातल्या वर्गात तुझं नाव घातलंच आहे, तर जाच. शंकाही सोबत ने, फक्त ती योग्य जागी लाव.

पिळाच्या आसनांनी अंगातली विषं निघतात असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, कंबर पिळून ती जास्त काम करत नाहीत. महिन्यात पोट उतरतं, हेही तसंच. आणि तुझ्या दृष्टीने खरी उणीव म्हणजे आसनांत ढकलणं भरपूर आहे, पण ओढणं जवळजवळ नाहीच. वजनही स्वतःच्या अंगाचंच, ते आठवड्यागणिक वाढवता येत नाही. म्हणून पुलअप, रोइंग आणि डेडलिफ्ट अजिबात बंद करू नको.

बाकी आखाडा वेगळा आणि योग वेगळा, ही वाटणी आपल्या भागाची नाहीच. १९१४ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, आणि त्याच मंडळात योगही शिकवला जातो. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद बडोद्याच्या माणिकरावांकडे व्यायाम शिकलेले. आसनांचा परिणाम यंत्रं लावून मोजायला त्यांनी सुरुवात केली, म्हणजे तुझ्याच जातीचा संशयी माणूस.

आता कामाचं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ दे. पहाटे जाणार असशील तर नुसतं कोमट पाणी, तर्री-पोहे नंतर. उठल्या उठल्या पहिल्या तासाभरात खोल वाकू नको. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. साडेपाचचा वर्ग असेल तर साडेचारला ऊठ, गुरांचं आवर, तेवढं हिंडणं झालं की अंग मोकळं होतं. टी-शर्ट अंगाबरोबरचा घाल, ढगळा असला तर पर्वतासनात (हातपाय टेकवून कंबर वर काढायची स्थिती) तोंडावर येतो. मॅट चार-पाच मिलिमीटरची पुरे. जाड मऊ फोमवर तोल जातो आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग खाली रुतून मनगट जास्त दुमडतं. सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते. दुपट्टा मात्र ने, पट्टा म्हणून कामी येतो. आणि कापडात गुंडाळलेली एक वीट.

तुझी खरी फजिती सूर्यनमस्कारात होईल. बारा स्थिती दिसतात सोप्या. हात वर घेऊन मागे झुकताना तुझ्या काखेमागचे स्नायू (पुलअपने आखडलेले) हात अडवतील, मग तू फासळ्या पुढे काढून कमरेतून वाकशील. भिंतीला पाठ लावून बघ: टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, हात सरळ वर. कंबर भिंतीपासून न सुटता अंगठे भिंतीला लागतात का? नसतील लागत तर मागे झुकायचं सोड, नुसतं वर ताण.

पुढे वाकताना गुडघे दुमड. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असल्या आणि पाय काठीसारखे सरळ ठेवले, तर कमरेखालचं हाड फिरतच नाही, सगळं वाकणं पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतं. रोमानियन डेडलिफ्टमध्ये जसा कुल्ले मागे सारून खुब्यातून वाकतोस, तसंच इथे. हात जमिनीला लावायची पैज कोणाशी लावू नको. वीट उभी ठेव, तिच्यावर हात.

दंडासारखं खाली जाताना खांदे कोपरांच्या खाली गेले की खांद्याचा पुढचा भाग दुखायला लागतो. कोपर काटकोनात आलं की थांब. तेवढं पेलवत नसेल तर गुडघे टेकव, त्यात कमीपणा नाही. भुजंगासनात तळहात जमिनीपासून बोटभर उचलून बघ. छाती जितकी वर राहते तेवढीच पाठीची खरी ताकद. हातांनी रेटून वर उचललेली छाती म्हणजे कमरेत चिमटा. पर्वतासनात टाचा टेकवण्याच्या नादात पाठ गोल होते. टाचा राहू दे वर, गुडघे जरा वाकव, बसायची हाडं वर ढकल, आणि तर्जनी व अंगठ्याच्या मुळाशी जमीन दाब. मनगटाचा भार हलका होतो.

श्वास. स्क्वॉटच्या वेळी पोटात हवा कोंडून धरायची सवय तुझ्या अंगात मुरलेली आहे, आणि जड वजनाखाली ती बरोबरच आहे. आसनात मात्र त्याने रक्तदाब विनाकारण चढतो आणि स्नायू सैल होत नाहीत. नाकाने घे, नाकाने सोड, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. लांब सोडल्याने नाडी उतरते. सहा नमस्कारांतच श्वास तोंडाने सुरू झाला, तर वेग जास्त आहे. तिथेच थांबून श्वास मोज.

ताण दिल्यावर हिसके देऊ नको. अचानक ओढल्या गेलेल्या स्नायूला आकसण्याचीच सूचना मिळते. तिसेक सेकंद शांत धर, तेवढ्याने तो हळूहळू ढिला पडतो. पण हे लांबलचक ताणणं जड स्क्वॉटच्या आधी नको. मिनिटभराच्या वर एकच स्नायू ताणून ठेवला की त्याची ताकद थोडा वेळ कमी होते. वर्ग सकाळी, जिम संध्याकाळी, किंवा दिवसाआड.

पद्मासनाचा हट्ट सर्वांत महागात पडतो. पाय फिरायला हवा तो खुब्यातून. तुझा खुबा आखडलेला, मग तू घोटा धरून ओढशील आणि पीळ जाईल गुडघ्यातल्या गादीला. ती एकदा फाटली की सगळंच थांबतं. चादरीची चौघडी करून तिच्यावर साधी मांडी घाल. वज्रासनातही मांड्या जाड असल्या तर पोटऱ्या आणि मांडीच्या मधे एक घडी ठेव. शीर्षासन तूर्तास नाहीच, मान भार पेलायला तयार नसते. सर्वांगासन करायला सांगितलं तर खांद्यांखाली दोन-तीन घड्या, डोकं घडीच्या बाहेर. आणि काकांना रक्तदाब आहे म्हणालास, त्यांना कपालभाती करू देऊ नको. हर्निया असेल तरी नाही.

शवासन तुला वेळ वाया घालवणं वाटेल. तिथेच जबडा, कपाळ, मुठी किती आवळलेल्या असतात ते कळतं. झोप आली तर बहुतेक रात्रीची झोप अपुरी आहे.

आठवड्यात दोनदा, दीड महिना जा. प्रगती मोजायला भिंतीची चाचणी आणि उकिडवं बसणं, दोनच पुरे. निंदणाला बाया टाचा टेकवून तासन्‌तास उकिडव्या सरकत असतात, आणि शंभर किलो उचलणाऱ्या पोरांच्या टाचा मिनिटभरात उचलतात. तुझ्या किती वेळ टेकतात ते वर्गाला जाण्याआधी एकदा बघून लिहून ठेव.

एप्रिलात टिनाच्या छताखाली आठनंतर बसवत नाही, तेव्हा पहाटेचाच वर्ग धर. वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग. घुटने-कंबर सांभाळून कर रे बाप्पा.

तुझा,
दिलीप