राक्षसाला हसू द्या

महोदय,
लहान मुलांना राक्षसांची पुस्तके दाखवू नयेत, ती घाबरतात, असे अनेक पालक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. तीन-चार वर्षांच्या वयात खरे काय नि कल्पनेतले काय, यातली रेघ पुसटच असते. अंधाराची, पलंगाखालच्या ‘कुणाची तरी’ भीती पुस्तक नसले तरी वाटतेच. माझी नात रोज पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपत नसे. मग आम्ही सारख्या शिंका येणाऱ्या एका गुबगुबीत, हिरव्या राक्षसाचे चित्रपुस्तक आणले. पहिल्या दिवशी तिने त्याच्या दातांवर तळहात दाबून धरला. आठवड्याभरात मात्र पान उलटायच्या आधीच स्वतः ‘आक् छी’ करून खदखदून हसू लागली. पान तिच्या हातात होते, हे फार महत्त्वाचे. अमेरिकी लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांचे राक्षसांचे चित्रपुस्तक १९६३ मध्ये आले, तेव्हाही काही मोठ्यांनीच नाके मुरडली होती. मुलांनी ते डोक्यावर घेतले. मूल ‘पुरे’ म्हणाले की पुस्तक लगेच मिटावे. आणि ‘जेवली नाहीस तर हाच येईल’ अशी धमकी कृपया कुणी देऊ नये.

– एक आजी