टेबलाला चाकं लावली, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा पावसाचं, भाताचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे. बाबा, गाळ्यातलं मोठं टेबल मी मोडलं. गेल्या रविवारी. करवत मीच चालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पुढचं वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नका.

दहा बाय चौदाचा आपला गाळा, त्यात सहा बाय तीनचं टेबल भिंतीला धरून, आणि रंधा मशीन त्याच्या खाली. प्रत्येक कामाला ते चाळीस किलोचं धूड वर घ्यायचं, काम झालं की परत खाली. फेब्रुवारीत तेच उचलताना तुम्ही मटकन खाली बसलात. तुमच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला तो अजून माझ्या कानात आहे. तुम्ही गावी गेल्यावर मीही तसंच उचलत होते. आई, हे तुला सांगितलं नव्हतं. रागावू नकोस, मला काही झालेलं नाही. पण मशीन विकवत नाही, कुर्ल्यात मोठा गाळा परवडत नाही, आणि तुम्ही परत आलात की माझी नजर चुकवून ते उचलणार हे मला ठाऊक आहे. मग मी दुसरं काय करणार होते?

आता तीन बाय दोनचा स्टँड केला आहे, चाकांवरचा. अठरा एमएमचा मरीन प्लाय, पाया दुहेरी. वरची फळी मधोमध पोलादी सळईवर फिरते. एका अंगाला रंधा मशीन, दुसऱ्या अंगाला लाकूड घासायचं सँडर. प्लग काढायचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करायचे, फळी उलटायची, बोल्ट परत आवळायचे. उचलणं कायमचं बंद.

पहिल्यांदा मात्र चुकलं. सळई फळीच्या बरोबर मध्यावर होती, पण मशीनचं वजन मध्यावर नव्हतं, मोटर एका बाजूला. बोल्ट सैल करताच फळी आपली आपण गर्रकन फिरली. हात लांब होता, कुणाला लागलं नाही. मशीन दोन बोटं मागे सरकवलं, सँडरखाली लोखंडी पट्टी घातली, आता एका हाताने थांबवता येते. तुम्ही शेजारी असता तर भोक पाडायच्या आधीच विचारलं असतंत, "वजन कुठंय गं ताई?" त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

चाकं नागदेवी स्ट्रीटवरून आणली, चार इंची. बारीक चाकं भुशात आणि फरशीच्या फटीत अडकतात. वजनाचा हिशेब चार चाकांवर नाही, तीनवर धरला, कारण आपली शहाबादी कुठे वर कुठे खाली, एखादं चाक अधांतरी राहतंच. चारही ब्रेकवाली आहेत. ब्रेक दाबला की चाक फिरतही नाही, वळतही नाही. ती स्क्रूने नाही, आरपार नट-बोल्टने बसवली आहेत.

उंची चाकांसकट चौतीस इंच. तुमच्या मनगटाची. कपाटावर टांगलेल्या तुमच्या जुन्या सदऱ्याच्या बाहीवरून माप घेतलं. वाकावं लागणार नाही.

आणि आई, आता स्टँड दाराशी ओढून रंधा मारते, व्हॅक्यूमचा पाईपही जोडला आहे. भुसा पूर्वीसारखा उडत नाही. तू डबा घेऊन येशील तेव्हा खोकला येणार नाही. तुझी खुर्ची पंख्याखाली ठेवली आहे, मागे उशी आहे.

बाबा, 26 जुलै 2005 ला मिठीचं पाणी गाळ्यात शिरलं, तेव्हा मला तुम्ही त्याच टेबलावर बसवलं होतं. शेजारी हत्यारांची पेटी. टेबल तरंगू नये म्हणून रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात ते धरून उभे होतात, आणि मी झोपू नये म्हणून पाढे म्हणवून घेत होतात. एकोणतीसवर मी रडले होते. करवत लावायच्या आधी मी त्या टेबलावर बराच वेळ बसून राहिले. मी बसले होते ती कडेची फळी कापलेली नाही. बिजागऱ्यांवर भिंतीला लावली आहे, हवी तेव्हा खाली पाडता येते. पटाशीचा तो खोल घाव अजून तसाच आहे. पाय होते त्यांच्या सागवानातून स्टँडचे खण केले. रे रोडचं लाकूड आहे, रंधा मारला तर आतून नवं निघालं. काही फुकट घालवलं नाही, खरंच.

आता नीट ऐका. कमरेचा पट्टा दिवसभर बांधायचा, फक्त डॉक्टरकडे जाताना नाही. नारळाची पाटी उचलायची नाही, वाडीतल्या गड्याला हाक मारा. गोळी जेवणानंतर. आई, ते घेतली म्हणाले तरी पाकीट बघ. आणि तू विहिरीवरून हंडा आणू नकोस, पंप दुरुस्त करायला पैसे पाठवले आहेत, ते दुसऱ्या कशाला वापरू नका.

दिवाळीनंतर तुतारी एक्स्प्रेसने या. कुडाळहून दोन्ही तिकिटं खालच्या बर्थची काढते. दादरला मी न्यायला येईन, तुम्ही सामान घेऊन जिना चढायचा नाही.

वरचा खण रिकामा ठेवला आहे, तुमच्या हातरंध्याच्या मापाचा. येताना जुना गुण्याही आणा, आईच्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. स्टँडचे कोपरे मी नव्या गुण्याने तपासले आहेत, पण तुम्ही एकदा लावून बघा.

तुमची,
ताई