पारोळ्याजवळ थांबलेल्या तिघांचे मनापासून आभार

परवा रात्री धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या पुढे आमची जुनी छोटी गाडी बंद पडली, हेडलाइट आधी पिवळे पडले मग सेल्फ नुसता टकटक करायला लागला, सोबत आई. "काय व्हयनं भाऊ?" म्हणत कापसाच्या पिकअपमधले तिघं थांबले. मला वाटलं बॅटरी गेली, पण त्यातल्या वायरमन दादांनी बॅटरीच्या टर्मिनलवरची (वायर जोडतात त्या टोकावरची) पांढरी-हिरवी पावडर दाखवली, आईच्या थर्मासमधलं गरम पाणी ओतून घासून घट्ट केलं, जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्यायच्या वायरी) लावून गाडी चालू केली, मीटरवर तरी बॅटरी 12.1 व्होल्टच, चालू गाडीत साधारण 13.5 ते 14.5 पाहिजे. अल्टरनेटरचा, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो त्याचा, बेल्ट ढिला निघाला, ताणला तसे 14.1 आले. पैसे सोडा, चहासुद्धा घेतला नाही. दादा, नाव विचारायचं राहिलं हो, आई रोज तुमचंच बोलते.