पिकलेला बेल जुलाबावरचे औषध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की इंदुरात चौकाचौकांत बेलाच्या शरबताचे ठेले उभे राहतात आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पानांवर ‘बेल पोटाच्या विकारांवर गुणकारी’ असा मजकूर येऊ लागतो. फळ कच्चे की पिकलेले, गर किती आणि कशातून घ्यायचा, हे त्यात बहुधा नसते. मग जुलाब लागलेला माणूस औषध समजून ठेल्यावरचे गार शरबत पितो आणि त्रास वाढवून घेतो.

कच्चा बेल आणि पिकलेला बेल यांची कामे उलट आहेत. कच्च्या फळात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून गर तुरट आणि मळ बांधणारा. फळ पिकते तसा तुरटपणा जातो, साखर आणि बुळबुळीत चिकट द्रव्य वाढते, आणि तोच गर पोट साफ करणारा होतो. जुन्या निघंटूंनी, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या कोशांनी, हे नेमके टिपले आहे: बाकीची फळे पिकल्यावर गुणाने श्रेष्ठ, बेल मात्र कच्चा. म्हणजे बद्धकोष्ठ असेल तर पिकलेला, जुलाब असतील तर कच्चा. उलट केले तर दोन्हीकडे नुकसान. ठेल्यावरच्या शरबतात वरून साखर भरपूर असते. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते, त्यामुळे जुलाब आणखी पातळ होतात. बर्फ कुठल्या पाण्याचा, हा प्रश्न वेगळाच.

औषधासाठी लागते ती बेलगिरी, म्हणजे कच्च्या किंवा अर्धकच्च्या फळाचा वाळवलेला गर. बेलाचे फळ झाडावर दहा-अकरा महिने राहते. उन्हाळ्यात फुलोरा येतो, थंडीत फळ पुरते वाढलेले पण हिरवे असते. बेलगिरी करायची ती तेव्हाच. कवच फोडून काढून टाकावे आणि गराच्या पाव इंचाहून जाड नसलेल्या चकत्या कराव्यात. सुरी स्टीलची हवी. लोखंडाच्या सुरीने टॅनिनमुळे गर काळा पडतो. चकत्या कापडावर पसरून उन्हात घालाव्यात, रोज उलटाव्यात, संध्याकाळी घरात घ्याव्यात. हाताने मोडताना कट्कन आवाज आला की वाळल्या. चकत्या जाड राहिल्या तर वरून कोरड्या दिसतात आणि आत बुरशी धरते. असा गर टाकून द्यावा, पुन्हा ऊन दाखवून उपयोग नाही. पूड लागेल तेवढीच करावी, कारण पावसाळ्यात ती ओल धरते आणि तिला किडे लागतात.

मोठ्या माणसाला एका वेळी 3 ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, दिवसातून दोनदा पातळ ताज्या ताकातून पुरते. दिवसाची मात्रा 6 ग्रॅमच्या वर नेऊ नये. जास्त घेतली की पोट जड होते, गच्च बांधते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर टॅनिन लोह शोषू देत नाही. गरोदरपणात वैद्याला विचारल्याखेरीज घेऊ नये.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बेलगिरी शरीरातले गेलेले पाणी भरून काढत नाही. जुलाबात आधी जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण डोळ्यांनी अंदाजू नये, मीठ जास्त झाले तर लहान मुलांना धोका असतो. रक्त पडत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल लहान असेल, तर बेलगिरीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. अशा वेळी मळ बांधण्याचा खटाटोप नडतो.

पिकलेल्या बेलाचे शरबत मात्र उन्हाळ्यात जरूर प्यावे, निरोगी माणसाने. पिवळसर कवचाचे, देठाशी वास येणारे फळ घ्यावे. गर दुप्पट पाण्यात तास-दोन तास भिजवून हातानेच कुस्करावा आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळावा. मिक्सर लावू नये: बिया फुटतात, शरबत कडवट होते. पिकलेला बेल मुळातच गोड, त्यामुळे चिमूटभर मीठ आणि भाजलेले जिरे पुरे. गराच्या 100 ग्रॅममध्ये कर्बोदके 30 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणून मधुमेह्यांनी ‘फळच तर आहे’ म्हणून ग्लासावर ग्लास रिचवू नयेत. बेलाचा मुरंबा अर्धकच्च्या फळाचा असला, तरी पाकामुळे त्यांना तोही वर्ज्यच.

बाजारची बेलगिरी घेताना कवठाच्या वाळलेल्या गराची भेसळ पाहावी लागते. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कुठेही घ्या, पण पूड घेऊ नका, चकत्या घ्या. पुडीत काहीच ओळखता येत नाही. बेलाच्या आडव्या चकतीत कप्पे गोलाकार मांडलेले दिसतात आणि त्यांत केसाळ बिया वाळलेल्या डिंकासारख्या द्रव्यात रुतलेल्या असतात. कवठाच्या बिया गरात सगळीकडे विखुरलेल्या असतात. कवचाचा तुकडा चिकटलेला असेल तर काम सोपे: बेलाचे गुळगुळीत, कवठाचे खरखरीत आणि पांढुरके.

आपल्या आरोग्य-पानावर पुढच्या वेळी बेलाविषयी छापताना कच्चा की पिकलेला आणि मात्रा किती, एवढे दोन तपशील न चुकता द्यावेत, ही विनंती. हिरडा, जांभळाची बी, आवळा यांच्याबाबतही तेच.

– एक वाचक, रामबाग, इंदूर