त्या नर्सच्या हातात मोबाईल का होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत वॉटर पार्कवरचा पानभर मजकूर वाचला. तिकिटाचे दर, घसरगुंड्यांची उंची, थाळीची किंमत, सगळं आलंय. तळाशी एक चौकट आहे आणि तिच्यात एक वाक्य आहे : ‘प्रथमोपचार कक्षातील नर्स मोबाईल बघत बसलेली आढळली.’ तिला काही विचारलं असावं असं त्या मजकुरात कुठंच दिसत नाही. कालपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण सोलापूरजवळच्या एका पार्कात मी चार उन्हाळे त्याच खुर्चीत बसले आहे.

ती मोबाईल का बघत होती ते मी सांगते. पार्कात वॉकीटॉकी असतात. लाइफगार्डकडे असतात, मॅनेजरकडे असतात, पार्किंगच्या मुलांकडेही असतात. नर्सला मिळत नाही. कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, तर लाइफगार्ड मॅनेजरला सांगतो आणि मॅनेजर ग्रुपवर मेसेज टाकतो. बाहेर डीजे इतका जोरात असतो की फोनची रिंग ऐकू येत नाही. म्हणून स्क्रीनकडे बघत बसावं लागतं. मी दहा ते सहा अशीच बसायचे आणि डबा खातानाही फोन समोर उभा करून ठेवायचे. ते बघणं हीच ड्युटी आहे. बातमीदारांनी दोन मिनिटं थांबून विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स आहे. नर्सिंग परिषदेची नोंदणी आहे, खासगी दवाखान्यात सात वर्षं आयसीयूत काढली आहेत. मिस्टरांचे यंत्रमाग बंद पडले तेव्हा मार्च ते जून अशी ही सीझनची नोकरी धरली. महिना चौदा हजार. ‘आरामाची नोकरी आहे, एसीत बसायचं’ असं नातेवाईक म्हणायचे. खोलीत एक कूलर होता आणि त्यात पाणी मीच भरायचे.

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन आपल्याला सांगायला नको. पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तरी लोक सकाळी उपाशी निघतात आणि दिवसभर पाण्यात आहोत म्हणजे ऊन लागत नाही अशा समजुतीत राहतात. पोरांचे तळपाय फरशीवर भाजून फोड येतात. शुगरची गोळी घेऊन नाश्ता विसरलेल्या बायका रांगेतच बसकण मारतात. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कुणीतरी चप्पल घेऊन उभं असतं, कुणी कांदा आणायला कँटीनकडे पळालेलं असतं. त्या लोकांना बाजूला सारून माणसाला कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही कोंबू द्यायचं नाही. दात पडला तर तो दुधात टाकून डेंटिस्टकडे पाठवायचा, म्हणून कँटीनवाल्याकडे पावशेर दूध रोज सांगून ठेवायचे. विजापूर, इंडी, कलबुर्गीकडून बस भरून माणसं येतात. मला कानडी येत नाही, पण ‘नोवु’ कळतं, तेलुगूतलं ‘नोप्पी’ कळतं. कुठं दुखतंय एवढं विचारता येईल इतकं मी शिकून घेतलं होतं.

आता ज्या दिवसामुळे हे पत्र लिहिते आहे त्या दिवसाबद्दल. माझा तिसरा उन्हाळा, मे महिना, रविवार. ग्रुपवर मेसेज आला, ‘सिस्टर वेव्ह पूल’. आमची खोली कँटीनच्या मागं, वेव्ह पूल, म्हणजे लाटांचा तलाव, पार दुसऱ्या टोकाला. मी किट घेऊन पळाले तरी मध्ये लॉकरची रांग, नारळपाण्याची गाडी, ओल्या फरशीवर घसरणारी माणसं. पोहोचले तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या मामानं दोन्ही पाय धरून उलटं टांगलं होतं आणि तो त्याला झटके देत होता. भोवती शंभर माणसं. “पोटातलं पाणी निघू द्या की ओ सिस्टर,” असं तेच मला सांगत होते.

उलटं टांगून जे बाहेर येतं ते पोटातलं येतं. श्वास त्यानं सुरू होत नाही, वेळ मात्र जातो, आणि पोटातलं श्वासनळीत उतरण्याचा धोका वाढतो. पण हे समजावत बसायला तेव्हा वेळ नव्हता. मी त्या माणसाच्या मनगटाला धरून ओढलं, लाइफगार्डनं मुलाला खाली घेतलं. ओठ निळे होते. छाती हलत नव्हती. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा असतो. मी मास्क लावून पाच श्वास दिले, मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. डीजे चालूच होता. दाब मोजताना माझं चुकू नये म्हणून मी मोठ्यानं आकडे म्हणत होते. दुसऱ्या फेरीत मुलगा खोकला, ओकला, आणि मी त्याला कुशीवर वळवलं. त्याच्या हाताची पकड माझ्या ॲप्रनवर बसली ती गाडीत घालेपर्यंत सुटली नाही.

मध्येच मी लाइफगार्डला माझा फोन देऊन १०८ लावायला सांगितलं होतं. मुलगा रडायला लागल्यावर मॅनेजर आले. “आता रडतंय की पोरगं, कशाला गाडी? लोक घाबरत्यात.” मामाही म्हणाला, बरं झालं, घरी नेतो. मी सांगितलं, फुप्फुसात पाणी गेलेलं मूल आत्ता बोलतंय म्हणून रात्री ठीक असेल असं नाही, काही तासांनी दम लागू शकतो, ऑक्सिजन मोजत दवाखान्यातच ठेवावं लागतं. त्याची आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “सिस्टर म्हणत्यात तसं करा.” ती बोलली म्हणून मुलगा दवाखान्यात गेला.

गाडी लवकर आली. मग मॅनेजरांनी तिला मेन गेटवरून परत फिरवलं. सायरन बंद करा आणि मागच्या गेटनं या, पुढं तिकिटाची रांग आहे. मागच्या गेटला कुलूप. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. मी मुलाला मांडीवर घेऊन उन्हात त्या लोखंडी गेटच्या आत बसले होते, गाडी गेटच्या बाहेर उभी, गाडीतल्या डॉक्टरांनी गजांतून ऑक्सिजनची नळी आत दिली. माझ्या ॲप्रनला घड्याळ असतं. अकरा मिनिटं. आमच्यामध्ये एक कुलूप होतं, बाकी काही नव्हतं.

मुलाला सिव्हिलमध्ये तीन दिवस ठेवलं. पहिल्या रात्री त्याला दम लागला होता आणि ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, हे मला त्याच्या आईनं नंतर फोनवर सांगितलं. घरी नेला असता तर काय झालं असतं, हे आयसीयूत काम केलेल्या कुणालाही विचारा.

तिसऱ्या दिवशी मला कागद मिळाला. ‘व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय बाहेरील यंत्रणेस पाचारण केल्याबद्दल समज देण्यात येत आहे.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. १०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, रस्त्यावरचा कुणीही माणूस ती बोलावू शकतो. आणि पार्कातल्या नोंदणीकृत नर्सनं परवानगी घ्यायची? ती कुणाकडून, तर ज्याला बुडालेलं मूल आणि रडणारं मूल यातला फरक कळत नाही त्याच्याकडून? चौथ्या उन्हाळ्यात मी जाताच मागच्या गेटची एक किल्ली प्रथमोपचाराच्या खोलीत ठेवा म्हणून लेखी अर्ज दिला. दोनदा दिला. पाचव्या वर्षी मला बोलावणंच आलं नाही.

मिस्टर एमआयडीसीत होते म्हणून एवढं मला माहीत आहे की १९४८ च्या कारखाना कायद्यात पाचशेहून जास्त कामगार असतील तिथं उपचारांची सुसज्ज खोली आणि डॉक्टर-नर्स असे कर्मचारी ठेवावे लागायचे. तो कायदा कामगार मोजायचा. रविवारी पार्कात हजारो माणसं पाण्यात असतात, त्यात निम्मी पोरं, आणि त्यांच्यासाठी एक खोली, एक नर्स, एक कुलूपबंद गेट. पानभर मजकुरात हे यायला हवं होतं. त्या खोलीच्या दारापर्यंत आपले प्रतिनिधी गेले होते म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

लिहितेच आहे तर आणखी एक. १२ मे ला परिचारिका दिनाच्या कार्यक्रमाचा फोटो आपण छापला होता. आम्ही चाळीसजणी पांढऱ्या साड्यांत मागच्या रांगांत उभ्या होतो. छापलेल्या फोटोत पुढची पाहुण्यांची रांग तेवढी आहे, आमची डोकी वरून कापली आहेत. फोटोखाली पाहुण्यांची नावं आहेत. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही, कारण तेव्हा फक्त वाईट वाटलं होतं. कालचं वाक्य तसं नाही. ते वाचून कुणी मालक त्या मुलीचा मोबाईल काढून घेईल, आणि मग मेसेज येईल तेव्हा तो तिला कळणार नाही.

माझी विनंती एवढीच की आपल्या प्रतिनिधींनी येत्या रविवारी पुन्हा जावं. लाटांच्या तलावापासून त्या खोलीपर्यंत गर्दीतून चालत जाऊन किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजावं. मागच्या गेटची किल्ली या क्षणी कुणाच्या खिशात आहे ते विचारावं. आणि ते तितक्याच मोठ्या चौकटीत छापावं.

माझं नाव छापू नये. माझ्या दोन मैत्रिणी अजून तिथंच कामाला आहेत.

आपली,
एक परिचारिका
जुळे सोलापूर