विषाणूच्या वंशवृक्षात गुन्हेगार शोधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषाणूंच्या जनुकीय अभ्यासाच्या बातम्यांत 'माग काढला', 'मूळ स्रोत हाती लागला' अशी पोलिसी भाषा हल्ली फार दिसते. एचआयव्हीच्या बाबतीत ही भाषा माणसांना इजा करते, म्हणून हे पत्र.

निवृत्त होईपर्यंत मी प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या औषधरोधाच्या चाचण्या करत असे. रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूच्या जनुकांचा एक भाग वाचायचा आणि कोणते औषध लागू पडणार नाही ते डॉक्टरांना कळवायचे, हे माझे काम. एकदा अहवाल न्यायला आलेल्या बाईंनी विचारले, "ताई, हा आजार मला नवऱ्याकडूनच आला, हे यावरून सिद्ध होईल का? घरात सगळे मलाच बोल लावतात." मी 'नाही' म्हणाले. त्या उभ्या होत्या, मागे रांग होती. कारण सांगायला सवड मिळाली नाही. ते इथे सांगते.

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. नक्कल काढताना होणाऱ्या चुका हा विषाणू दुरुस्त करत नाही. त्यात दोन निराळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांची सरमिसळही होते. त्यामुळे एकाच माणसाच्या शरीरातसुद्धा त्याची असंख्य रूपे असतात. हे बदल ढोबळमानाने ठरावीक गतीने साचत जातात आणि त्यावरून मागचा काळ मोजता येतो. आफ्रिकेतल्या काँगो देशातील किन्शासा शहरात १९५९ आणि १९६० साली घेतलेल्या दोन नमुन्यांतल्या विषाणूंत तेव्हाच इतके अंतर पडलेले होते की, त्यांचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचा ठरला. म्हणजे जगाला १९८१ मध्ये एड्सची चाहूल लागली, त्याआधी कित्येक दशके हा विषाणू माणसांत फिरत होता.

पण दोन माणसांचे विषाणू जुळले, म्हणून एकाने दुसऱ्याला संसर्ग दिला असे ठरत नाही. दोघांना तो तिसऱ्याकडून आलेला असू शकतो, किंवा मधल्या एखाद्या व्यक्तीचा नमुना कोणी घेतलेलाच नसतो. चुलत भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असले, तरी त्यावरून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. उलट विषाणू अजिबात जुळत नसतील, तर संबंध नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. आरोप सिद्ध करण्यापेक्षा आरोप खोडून काढण्यात ही पद्धत जास्त भरवशाची आहे.

लिबियातील बेंगाझीचे प्रकरण आठवा. तिथल्या बाल रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. मार्च १९९८ मध्ये रुजू झालेल्या पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर, त्यांनी ती मुद्दाम केली असा आरोप ठेवला गेला. मुलांच्या विषाणूंचा वंशवृक्ष, म्हणजे कोणती शाखा कोणापासून फुटली याचा आराखडा, मांडल्यावर हा संसर्ग ती मंडळी येण्याआधीपासूनच तिथे पसरत होता असे दिसले. तो अभ्यास डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा मृत्युदंड सुनावला! त्यांची सुटका जुलै २००७ मध्ये झाली, तीही वाटाघाटींनंतर. एवढा स्पष्ट पुरावा समोर असताना तो ऐकून घेतला गेला नाही, याचा मला आजही संताप येतो.

गाएतान द्युगा या कॅनडाच्या विमान कर्मचाऱ्याला तर जिवंतपणी उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही. अमेरिकेत एड्स त्याने आणला, असे त्याच्या मृत्यूनंतर जगभर छापले गेले. १९७० च्या दशकातले साठवलेले रक्तनमुने तपासून २०१६ साली संशोधकांनी दाखवले की, विषाणू १९७० च्या सुमारासच न्यूयॉर्कमध्ये पोचला होता आणि द्युगाचा विषाणू त्या वृक्षाच्या मुळाशी नव्हताच.

या विद्येचा खरा उपयोग माणूस हेरण्यात नाही, समूह समजून घेण्यात आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलु-नाताल प्रांतात तिच्यामुळे कळले की, तरुण मुलींना संसर्ग बहुतांशी त्यांच्याहून काही वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून होतो. मग तपासणी आणि औषधे त्या पुरुषांपर्यंत आधी न्यायची, हे ठरवता येते. नियमित एआरटीने, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांनी, रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका दबला, की लैंगिक संबंधांतून संसर्ग पुढे जात नाही. साखळी तुटते ती तिथे.

माझी विनंती दोन गोष्टींची. बातमीत 'पहिला रुग्ण', 'पसरवणारा' असले शब्द छापू नयेत. आणि उपचारासाठी दिलेल्या रक्तातून मिळालेली विषाणूची माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय पोलीस वा न्यायालयाकडे जाऊ नये, असा नियम व्हावा म्हणून आपल्या वृत्तपत्राने लिहावे. ही माहिती रुग्ण औषधासाठी देतो. आपल्याविरुद्ध ती वापरली जाईल अशी धास्ती बसली, तर तो तपासणीलाच येणार नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ