'बटेर घर' या पिंजऱ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'बटेर घर' या नावाने विकलेल्या पिंजऱ्यात पक्षी दगावल्याबाबत, तसेच रक्कम परत मिळणे आणि पिंजऱ्याच्या रचनेत बदल होण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा 'बटेर घर' हा दोन मजली पिंजरा मी आपल्याच संकेतस्थळावरून मागवला. खोक्यावर आणि माहितीपत्रकात 'खास जपानी बटेरांसाठी' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. या पिंजऱ्यात माझी एक मादी छताला डोके आपटून मेली आणि दुसरीच्या टाळूवरची कातडी सोलून निघाली. आपल्या ग्राहक सेवेशी फोनवरही बोलले, ईमेलही केले. 'पक्ष्यांना नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो' आणि 'वापरलेला पिंजरा परत घेतला जात नाही' ही दोनच वाक्ये दोन्हीकडून मिळाली. म्हणून सगळे लेखी मांडते आहे.

सगळ्यात गंभीर मुद्दा उंचीचा आहे. पिंजऱ्याच्या मोकळ्या भागात जमिनीपासून छतापर्यंत टेप लावली, तर उंची ७५ सेंटीमीटर भरली. छत कडक, तारेच्या जाळीचे आहे आणि जिथे दोन जाळ्या जोडल्या आहेत तिथे तारेची टोके आतल्या बाजूला वळलेली आहेत.

बटेर जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. चाहूल लागली की तो आधी दबून बसतो, आणि धोका अगदी अंगावर आला की सरळ वर, जवळजवळ उभ्या रेषेत उसळतो. किती पिढ्या पिंजऱ्यात वाढल्या तरी पाळीव जपानी बटेरांची ही उसळी गेलेली नाही. छत तीसेक सेंटीमीटरवर असेल तर पक्ष्याला वेगच घेता येत नाही. डोके लागले तरी सहसा इजा होत नाही. छत माणसाच्या उंचीपेक्षा वर, दोन मीटरच्या आसपास असेल तर वर जाता जाता वळून आडवे उडायला त्याला जागा मिळते. या दोहोंच्या मधली उंची सर्वांत वाईट. वेग पुरता भरलेला असतो आणि वळायला जागा नसते. बटेर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा हेच सांगेल. खास बटेरांसाठी पिंजरा बनवणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि खरोखरच ठाऊक नसेल, तर 'खास' हा शब्द खोक्यावर छापण्याचा कंपनीला अधिकार नाही.

घडले ते असे. रात्री शेजारच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ पिंजऱ्यातून धाडधाड आवाज आले. एक उसळला की सगळे उसळतात, कारण एकाची घाबरगुंडी बाकीच्यांत लगेच पसरते. मी दिवा लावला तेव्हा एक मादी तळावर पडली होती, मान एका बाजूला वळलेली, पाय ताणलेले. माझ्या हातात तिने दोनदा चोच उघडली आणि संपली. दुसरी कोपऱ्यात उभी होती. तिच्या डोक्यावरची कातडी मागच्या बाजूला सरकून दुमडली होती आणि खालची कवटी दिसत होती. छताच्या जोडावर, तारेची टोके वळलेली आहेत बरोबर त्याच जागी, तपकिरी रंगाची बारीक पिसे रक्ताने चिकटलेली होती. त्याचे फोटो मी आपल्या ग्राहक सेवेला पाठवले आहेत. ते पाहूनही उत्तर 'सवय होईल' असेच आले, याचे मला अतिशय वाईट वाटले.

जखमी मादीला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी जखम धुऊन कातडी जागेवर बसवली. तिला वेगळे, मंद उजेडात ठेवले, कारण रक्त दिसले की बाकीचे पक्षी टोचे मारतात. ती वाचली. टाळूवर आता बारीक कोंब यावेत तशी पिसे फुटली आहेत. उपचारांचे बिल सोबत जोडले आहे.

आता जागेबद्दल. माहितीपत्रकात '१२ पक्ष्यांसाठी प्रशस्त' असे म्हटले आहे. खालचा मजला १२० बाय ६० सेंटीमीटर, म्हणजे ७,२०० चौरस सेंटीमीटर. वरची पेटी ६० बाय ६०, म्हणजे ३,६००. दोन्ही मिळवून १०,८०० आणि त्याला १२ ने भागून प्रत्येक पक्ष्याला ९०० चौरस सेंटीमीटर, साधारण एक चौरस फूट. घरी हौसेने पाळलेल्या बटेरांना किमान एवढी जागा द्यावी, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि आपला हिशेब त्याच आकड्याशी जुळवून आणलेला दिसतो. पण बटेर झोपायला वर चढत नाहीत. कोंबडीसारखे ते दांडीवर बसत नाहीत, शिडी चढून पेटीत जाऊन अंडे घालत नाहीत. अंडे ते जमिनीवर घालतात, बहुतेकदा आडोसा असेल तिथे, कधी चालता चालता मधेच. माझ्याकडची वरची पेटी पहिल्यापासून रिकामीच राहिली. ती वजा केली की एका पक्ष्याच्या वाट्याला ६०० चौरस सेंटीमीटर उरतात. त्यातूनही शिडी, खाद्याचे भांडे आणि पाण्याचे भांडे यांची जागा गेली. माझ्या मते या पिंजऱ्यात सहापेक्षा जास्त पक्षी ठेवूच नयेत. शिडी, पेटी, दांड्या हे सगळे कोंबड्यांच्या खुराड्याचे सामान आहे. तेच खुराडे लहान करून त्यावर बटेराचे चित्र लावलेले आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

तळाला जाळी का दिली, हेही मला समजलेले नाही. विष्ठा खालच्या ट्रेमध्ये पडावी आणि साफसफाई सोपी व्हावी, हा हेतू उघड आहे. पण दिवसभर तारेवर उभे राहून बटेरांच्या तळव्यांना घट्टे पडतात, मग त्यांत संसर्ग होऊन पाय सुजतात. नखे भोकांत अडकतात ती वेगळीच. पायाखाली सपाट, भरीव तळ आणि त्यावर चार-पाच सेंटीमीटर कोरडा भुसा, एवढीच यांची गरज आहे. भुसा ओला झाला की बदलायचा, नाहीतर अमोनियाचा वास धरतो आणि तो पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासाला बाधतो. हे काम पाळणाऱ्याचे आहे आणि ते मी आनंदाने करते. त्यातली आमची मेहनत वाचवण्यासाठी पक्ष्यांचे पाय पणाला लावू नका.

धुळीच्या अंघोळीसाठी आपण जे भांडे दिले आहे, त्यात एक बटेर धड मावत नाही. हा मुद्दा कुणाला किरकोळ वाटेल. मला तसा वाटत नाही. कोरड्या मातीत लोळणे हा या पक्ष्यांचा श्रीमंती शौक नव्हे. पिसांमधला जास्तीचा तेलकटपणा त्याने निघतो, उवा-पिसवांना आळा बसतो, आणि माती मिळालीच नाही तर हे पक्षी उघड्या जमिनीवर किंवा खाद्याच्या भांड्यात तीच हालचाल करत राहतात. मी आता पसरट, काठ उंच असलेला ट्रे ठेवला आहे आणि त्यात कोरडी वाळू भरली आहे. वाळू बदलली की सगळे धावत येतात. एक मादी आधी चोचीने वाळू उकरते, मग कुशीवर कलंडते, एक पाय मागे ताणते आणि पंख फडफडवून सगळी वाळू पाठीवर उडवते. दोघी-तिघी एकमेकींना चिकटून तशाच पडून राहतात, डोळे अर्धे मिटलेले. घशातून अगदी हलकी घुरघुर चालू असते. हे एकदा पाहिलेल्या माणसाने आपले ते वाटीएवढे भांडे बनवले नसते.

माहितीपत्रकातल्या सल्ल्यांबद्दलही लिहायला हवे, कारण नवीन माणूस त्यावरच अवलंबून असतो. मुखपृष्ठावरच्या फोटोत बारापैकी निम्मे पक्षी तांबूस छातीचे आहेत, म्हणजे नर आहेत. छातीवर काळे ठिपके असतात त्या माद्या. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. निम्मे नर एकत्र कोंडले तर ते एकमेकांचे डोळे आणि टाळू फोडतात आणि माद्यांच्या पाठीवर पीस ठेवत नाहीत. फोटो पाहून कुणी तसेच पक्षी आणले तर काय होईल, याचा विचार व्हायला हवा होता. 'कोंबड्यांसोबतही ठेवता येतात' हे वाक्य तर ताबडतोब काढून टाका. कोंबड्यांकडून येणारे आजार बटेरांना जड जातात, आणि क्लॉस्ट्रिडियम कोलिनम या जीवाणूमुळे होणारा आतड्यांच्या व्रणांचा रोग त्यांना इतका लवकर धरतो की त्याला 'बटेरांचा रोग' असेच नाव पडले आहे. शिवाय मोठी कोंबडी लहानशा बटेराला टोचून मारू शकते.

पिंजऱ्यासोबत भेट म्हणून दिलेली खाद्याची पिशवी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याची आहे. तीवर प्रथिने १६ टक्के लिहिली आहेत. अंड्यावर आलेल्या बटेराला २० टक्क्यांच्या आसपास लागतात आणि पिल्लांना २४ किंवा त्याहून अधिक. अंड्यांच्या कवचासाठी या खाद्यात कॅल्शियम भरपूर घातलेले असते; तेच पिल्लांना दिले तर त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. माहितीपत्रकात मात्र 'सर्व वयाच्या पक्ष्यांसाठी' असे लिहिले आहे. पाण्याच्या भांड्याचे तोंडही इतके रुंद आहे की नुकती फुटलेली पिल्ले, जी अंगठ्याएवढीच असतात, त्यात पडून बुडतील. भांड्यात गोट्या किंवा खडे टाकावेत, ही एक ओळ छापायला काहीच अवघड नव्हते.

एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि ती नमूद करते. बाजूंची जाळी बारीक भोकांची आहे आणि कडी भक्कम आहे. उंदीर-मांजरांपासून पक्षी सुरक्षित राहिले. हे ज्याने ठरवले त्याला काम कळते. त्याच माणसाला छतही ठरवायला सांगा.

सध्या मी वरची पेटी, शिडी आणि दांड्या काढून टाकल्या आहेत. छताच्या खाली मऊ कापडी जाळी थोडी सैल ताणून बांधली आहे, म्हणजे उसळलेला पक्षी तिच्यात झेलला जातो. तळावर प्लायवूड टाकून भुसा पसरला आहे. कोपऱ्यात वाळलेल्या गवताच्या पेंढ्या उभ्या केल्या आहेत आणि पुठ्ठ्याचे एक खोके ठेवले आहे. खोक्याला दोन दारे कापली आहेत, कारण एकच दार असेल तर दुबळ्या पक्ष्याला बाकीचे आत कोंडून मारतात. लपायला जागा मिळाल्यापासून घाबरणेच कमी झाले आहे. भांडे पडले तरी आता बहुतेक पक्षी उसळण्याऐवजी गवतात शिरतात. यातले काहीही महागडे नाही. कारखान्यात ते माझ्यापेक्षा चांगले आणि स्वस्तात होईल.

बटेर म्हटले की अंडी, एवढाच विचार आपल्या माहितीपत्रकात दिसतो. जपानमध्ये हे पक्षी आधी त्यांच्या आवाजासाठी पाळले गेले, अंड्यांसाठीचे पालन बरेच नंतर वाढले. माझ्यासारखे कितीतरी जण आजही त्यांना त्यांच्या सहवासासाठीच पाळतात आणि आपले 'बटेर घर' याच लोकांना विकले जाते.

माझ्या मागण्या अशा आहेत. पिंजऱ्याची पूर्ण किंमत आणि पशुवैद्यांचे बिल मला परत मिळावे. वापरलेला माल परत घेत नाही, हे कारण इथे लागू होत नाही. दोष वापरातून आलेला नाही, तो मुळातच रचनेत आहे. आजवर हा पिंजरा घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आपण लेखी कळवावे की छताखाली मऊ जाळी लावल्याशिवाय त्यात पक्षी ठेवू नयेत, आणि ती जाळी आपण विनामूल्य पाठवावी. आपल्याकडे सगळ्यांचे पत्ते आहेत, त्यामुळे हे काम या आठवड्यातही सुरू होऊ शकते. माझे पैसे थोडे उशिरा आले तरी चालतील, पण ही सूचना आधी जाऊ द्या. छताची उंची बदलेपर्यंत खोक्यावरचे 'खास जपानी बटेरांसाठी' हे शब्द झाकावेत. माहितीपत्रक नव्याने छापताना बटेरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून ते तपासून घ्यावे. कुणी पाठवणार असेल तर मी केलेले बदल दाखवायला आणि मापे द्यायला मी तयार आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ही तक्रार सर्व फोटो आणि बिलांसह मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे नेईन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, पशुवैद्यांचे बिल, छताच्या जोडाचे आणि जखमी मादीचे फोटो, पिंजऱ्याची मोजमापे.